दोन्ही सामने जिंकून सेव्हिया हात हलवत परतला: एमिरेट्स कपचा हिशेब

एमिरेट्स कप म्हणजे लंडनचा आर्सेनल क्लब हंगामाआधी घरच्या मैदानावर भरवतो ती फुटबॉल स्पर्धा. ३० जुलै २०१७ ला तिथल्या एमिरेट्स स्टेडियमवर स्पेनच्या सेव्हियाने आर्सेनलला २-१ असं हरवलं. आदल्या दिवशी त्याच मैदानावर त्यांनी लाइपझिगला १-० ने घालवलं होतं. दोन दिवस, दोन सामने, दोन विजय. कप मात्र उचलला आर्सेनलने, म्हणजे एक सामना जिंकून दुसरा हरलेल्या यजमानांनी. सांगली-मिरजेतल्या एखाद्या मैदानावर हे झालं असतं तर आयोजकांच्या टेबलाभोवतीची गर्दी दिवेलागणीपर्यंत हलली नसती. पण निकाल नियमाला धरूनच होता, आणि तो नियम समजून घेतल्याशिवाय या स्पर्धेबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

विजयाला ३ गुण, बरोबरीला १, पराभवाला शून्य. इथवर नेहमीचंच. त्यावर प्रत्येक गोलाला आणखी १ गुण, मग सामना जिंका, हरा, काहीही करा. एमिरेट्स कपचा सगळा जीव या एका ओळीत होता. बाकी मोठे पाहुणे, रंगीत जर्सी, शनिवार-रविवार हे हंगामाआधीच्या कुठल्याही स्पर्धेत मिळतं.

२०१७ चा हिशेब मांडून पाहा. पहिल्या दिवशी आर्सेनलने बेनफिकाला ५-२ हरवलं: ३ अधिक ५, झाले ८. सेव्हियाचे १-० च्या विजयाचे ३ अधिक १, म्हणजे ४. दोघंही जिंकले, पण एकाच्या खात्यात दुसऱ्याच्या दुप्पट. दुसऱ्या दिवशी सेव्हियाला २-१ च्या विजयाचे ५ मिळाले, एकूण ९. आर्सेनलला पराभवातल्या एका गोलाचा १, एकूण तेही ९. गोलफरक, म्हणजे केलेले वजा खाल्लेले, दोघांचाही अधिक २. मग पाहिले केलेले गोल: आर्सेनल ६, सेव्हिया ३. कप घरातच राहिला. आर्सेनलच्या लकाझेटचा तो एक गोल सामन्यात बरोबरीपुरता होता, पुढे एन्झोंझीने सेव्हियाला जिंकूनही दिलं. स्पर्धा मात्र त्या बरोबरीच्या गोलानेच ठरली. तो झाला नसता तर ९ विरुद्ध ८ असा कप स्पेनला गेला असता.

त्याच्या तीन वर्षं आधी, २०१४ ला, हेच नाणं उलटं पडलेलं. आर्सेनलने शनिवारी बेनफिकाला ५-१ धुतलं, त्यातले चार गोल एकट्या सानोगोचे. खात्यात ८. व्हॅलेन्सियाने मोनॅकोशी २-२ बरोबरी करून ३ मिळवले आणि रविवारी बेनफिकाला ३-१ हरवून ९ वर गेले. आता आर्सेनलला मोनॅकोविरुद्ध जिंकायचीही गरज नव्हती. १-२ ने हरले असते तरी ९-९ होऊन गोलफरकावर कप त्यांचाच होता. ते ०-१ ने हरले, गोल फाल्काओचा. गोलाची पाटी कोरी राहिली आणि कप व्हॅलेन्सियाने नेला.

असला थरार साध्या गुणतक्त्यात येत नाही. ०-३ ने मागे पडलेला संघ एरवी शेवटची वीस मिनिटं पाय ओढत काढतो. इथे त्याच्या एका गोलालाही भाव आहे, आणि ३-० ने पुढे असलेल्यालाही चौथ्याचा मोह सुटत नाही. हंगामाआधीच्या सामन्यातला सगळ्यात मोठा दोष म्हणजे साठाव्या मिनिटानंतर येणारी मरगळ. त्यावर एवढा स्वस्त इलाज दुसरा नाही.

पण नियमात तीन भोकं आहेत, आणि ती झाकून चालणार नाही. पहिलं असं की खाल्लेल्या गोलाची गुणांत काहीच वजावट नाही. ४-५ ने हरलेल्याला ४ गुण आणि १-० ने जिंकलेल्यालाही ४ च. ३-३ ची बरोबरी दोघांनाही प्रत्येकी ४ देते, म्हणजे दोन्ही बाजूंना १-० च्या विजयाइतकं. बचाव नीट बांधणाऱ्या प्रशिक्षकाला हा नियम शिक्षाच करतो. दुसरं, बरोबरी फोडताना पुन्हा केलेले गोलच मोजले जातात. जे एकदा गुणांत धरलं तेच दुसऱ्यांदा धरायचं, म्हणजे एकाच पावतीचे पैसे दोनदा घेतल्यासारखं. २०१७ ला सेव्हियावर झालेला अन्याय इथला आहे. आपसातला सामना पाहिला असता तर निकाल एका ओळीत लागला असता. तिसरं भोक आहे कार्यक्रमपत्रिकेत.

चार संघ म्हटल्यावर सहा जोड्या होतात. एमिरेट्स कपमध्ये खेळवायचे चार, दोन दिवसांत प्रत्येक संघाचे दोन. म्हणजे दोन जोड्या कधीच भेटत नाहीत. २०१७ ला आर्सेनल-लाइपझिग झाला नाही, सेव्हिया-बेनफिका झाला नाही. २०१४ ला व्हॅलेन्सिया आणि आर्सेनल, म्हणजे पहिला आणि दुसरा, समोरासमोर आलेच नाहीत. कुणाशी खेळायचं हे यजमान ठरवणार, आणि यजमान दोन्ही दिवशी दुसऱ्या सामन्यात, पाहुण्यांचा निकाल लागल्यावर उतरणार. किती गोल हवेत हे मैदानात पाऊल टाकायच्या आधीच ठाऊक. तरीही २००७ ते २०१७ मधल्या चार संघांच्या नऊ स्पर्धांत यजमानांनी पाचच जिंकल्या. २००८ ला हॅम्बुर्ग, २०११ ला थिएरी ऑन्रीला घेऊन आलेला न्यूयॉर्क रेड बुल्स, २०१३ ला द्रोग्बाच्या गालातासरायने आणि २०१४ ला व्हॅलेन्सियाने कप बाहेर नेला. इतकं झुकतं माप असून चार वेळा घरात हार, यावरून पाहुणे नुसते हवापालटाला येत नव्हते एवढं तरी दिसतं. (२०१२ ला ऑलिंपिकमुळे स्पर्धा नव्हती, २०१६ लाही झाली नाही.)

आताची अवस्था वेगळी आहे. २०१९ पासून हा कप एका सामन्याचा झाला. त्या वर्षी लियाँने २-१ ने जिंकला. जोडीला त्याच दिवशी आर्सेनलच्या महिला संघाचा बायर्नच्या महिलांशी सामना ठेवला होता, ती कल्पना मात्र चांगली होती. पुढचे सगळे आर्सेनलने: २०२२ ला सेव्हियावर ६-०, त्यात गॅब्रिएल जेझुसची हॅटट्रिक. २०२३ ला मोनॅकोशी १-१ आणि टायब्रेकरवर, म्हणजे पेनल्टी किकांवर, ५-४. २०२४ ला लियाँवर २-०. २०२५ ला अॅथलेटिक बिल्बाओवर ३-०. एकच सामना असेल तर गोलाला गुण देऊन करायचं काय? नियम गेला, गुणतक्ता गेला, आणि उरला एक मैत्रीपूर्ण सामना, ज्याच्या शेवटी कप देतात. स्टेडियमला विमान कंपनीचं नाव आहे, तेच चषकाला आहे, एवढीच सलगता.

हा रोग एकट्या लंडनचा नाही. बार्सिलोनाचा जोआन गाम्पर चषक १९६६ पासून चार संघांचा होता, तोही १९९७ पासून एका सामन्यावर आला. कारण सरळ आहे. मोठे क्लब जुलैत अमेरिकेत किंवा आशियात दौऱ्यावर असतात, तिथे पैसा जास्त, आणि तीन बड्या पाहुण्यांना एकाच शनिवार-रविवारी एका गावात आणणं दरवर्षी अवघड होत गेलं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी: फुटबॉल म्हणून आताचा सामना सरस असतो. २००७ ची पहिली स्पर्धा २८-२९ जुलैला झाली, इंग्लंडची प्रीमियर लीग सुरू व्हायला दोन आठवडे होते. २०२४ चा सामना ११ ऑगस्टला आणि २०२५ चा ९ ऑगस्टला, म्हणजे लीगच्या जेमतेम आठवडाभर आधी. अशा वेळी प्रशिक्षक पहिल्या पसंतीचे अकरा जवळजवळ ठरवून उतरवतो. जुन्या दोन दिवसांच्या स्पर्धेत एका दिवशी अर्धा संघ आणि दुसऱ्या दिवशी उरलेला अर्धा असा मामला असायचा. संघ कसा बसतोय हे पाहायचं असेल तर आताचा सामना पाहा. स्पर्धा पाहायची असेल तर जुने निकाल काढून बसा.

पाहताना काय पाहावं? पहिली साठ मिनिटं. त्यानंतर दोन्हीकडून चार-पाच बदल एकदम होतात आणि पुढचं चित्र फसवं असतं. मैत्रीपूर्ण सामन्यात दोन्ही संघांनी आधी ठरवून पंचांना कळवलं तर नेहमीच्या मर्यादेपेक्षा जास्त बदली खेळाडू चालतात, त्यामुळे नव्वदाव्या मिनिटाला मैदानात असलेले अकरा आणि पहिल्या शिट्टीचे अकरा यांचा संबंध नसतो. दुसरं म्हणजे नवे नियम. खेळाचे नियम उन्हाळ्यात बदलतात आणि ते पहिल्यांदा नीट दिसतात ते याच सामन्यांत. २०१९ ला गोलकिक पेनल्टी क्षेत्राच्या आतच सहकाऱ्याला देण्याची मुभा आली. २०२५ पासून गोलरक्षकाने चेंडू आठ सेकंदांहून जास्त हातात धरला की समोरच्याला कॉर्नर. शाळा-कॉलेजच्या संघांना शिकवणाऱ्यांनी लीगची वाट न पाहता हेच सामने वहीपेन घेऊन पाहावेत.

सांगलीत बसून पाहायचं गणित सोपं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. तिथले दुपारचे २ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. जुन्या स्पर्धेत पहिला सामना २ ला आणि दुसरा ४.२० ला असायचा, म्हणजे इकडे ६.३० आणि ८.५०. दुसरा संपेपर्यंत भडंगाचा दुसरा पुडाही रिकामा आणि घरातल्यांची जेवणं उरकलेली. लीगचं वर्षभराचं पॅकेज घेतलं म्हणजे हा सामना दिसेलच असं मात्र धरून चालू नका. हा क्लबचा स्वतःचा कार्यक्रम, त्याचे हक्क लीगच्या हक्कांपासून वेगळे विकले जातात. आठवडाभर आधी क्लबच्या अॅपवर आणि नेहमीच्या क्रीडावाहिन्यांवर बघून ठेवा. सामन्याच्या वेळी फुकटातली ‘लाइव्ह’ अशी लिंक आली तर सावध राहा. तिच्यात बऱ्याचदा व्हिडिओ गेममधला सामना चालू असतो, प्रेक्षकांचे चेहरे आणि खेळाडूंची पळण्याची ढब पाहिली की दोन मिनिटांत कळतं. तेही ज्यांना दहा मिनिटं कळत नाही असे लोक आहेत.

शिवाय ऑगस्ट हा आपल्याकडे नदीचा महिना. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका. २०१९ चा सामना २८ जुलैला झाला आणि पुढच्या पंधरवड्यात अर्ध्या सांगलीत पाणी होतं. तेव्हा स्कोअर कुणी विचारला असेल असं वाटत नाही.

आता मुद्द्याचं. क्लबने टाकून दिलेली जुनी चार संघांची पद्धत आपल्या भागाला फार जुळते. आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या स्पर्धा बाद पद्धतीच्या. बेळगाव, पुणे, गोव्याहून संघ बोलवायचा, तो पहिल्याच सामन्यात टायब्रेकरवर हरायचा आणि त्याच रात्रीच्या गाडीने परत. प्रवासखर्च दोन्ही बाजूंचा, खेळ नव्वद मिनिटांचा. चार संघांच्या या पद्धतीत प्रत्येक पाहुण्याला दोन सामने हमखास मिळतात. म्युनिकच्या ऑडी कपनेही (२००९ ते २०१९, दर दोन वर्षांनी) चार संघांना दोन-दोन सामने दिले, पण उपांत्य आणि अंतिम अशा रीतीने, बरोबरी झाली की जादा वेळ न देता थेट टायब्रेकर. आपल्या प्रेक्षकाला फायनल हवी असते, त्यामुळे ऑडी कपची पद्धत लोकप्रिय होईल हे खरं. सरावाच्या दृष्टीने मात्र हरलेल्या दोघांचा तिसऱ्या जागेचा सामना रिकाम्या मैदानावर होतो. गोलाला गुण ठेवला की चारही सामने कपाचेच राहतात.

वेळ निवडताना युरोपची नक्कल करू नये. त्यांचा जुलै-ऑगस्ट हा आपला चिखल. कोल्हापूरचा हंगाम साधारण हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो, म्हणून आपली हंगामपूर्व स्पर्धा परतीचा पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या आसपास किंवा लगेच नंतर. काळी माती असेल तर भेगा ही पहिली अडचण. त्यांत बारीक माती भरून पाणी मारायचं, पाय ठेवल्यावर माती तळव्याला चिकटेनाशी झाली की रोलर फिरवायचा. ओली असताना फिरवला तर माती रोलरलाच चिकटून खपल्या निघतात. पूर्ण सुकल्यावर फिरवला तर नुसती धूळ. हे काम सामन्याच्या आदल्या दिवशी करायचं नाही, दोन दिवस आधी आटपायचं.

१०० बाय ६४ मीटरच्या मैदानाला सगळ्या रेघा मिळून जवळपास ७०० मीटर भरतात: बाहेरची चौकट ३२८, मधली रेघ ६४, मधलं वर्तुळ साडेसत्तावन्न, दोन्हीकडची पेनल्टी क्षेत्रं दीडशेच्या आत-बाहेर, बाकी छोटी गोलक्षेत्रं, डीची कमान आणि कोपरे. दोन दिवसांत चार सामने म्हणजे पहिल्या दिवसानंतर निम्म्या रेघा पुन्हा माराव्या लागणार, फक्कीची खरेदी त्या हिशेबाने करा. कळीचा चुना फक्की म्हणून वापरायची सवय काही ठिकाणी अजून आहे. तो घामाला किंवा डोळ्याला लागला की भाजतो. स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. रेघ बारा सेंटिमीटरपेक्षा रुंद नको, आणि गोलरेषा खांबाच्या जाडीइतकीच हवी, नाहीतर चेंडू पूर्ण आत गेला की नाही याचा वाद गोलाला गुण असलेल्या स्पर्धेत फार महागात पडतो.

चेंडू पाच नंबरचा, ४१० ते ४५० ग्रॅम. हवा ८.५ ते १५.६ पीएसआयमध्ये चालते. आपल्या टणक मैदानावर ९ च्या आसपास ठेवा. जास्त भरली की टप्पा गुडघ्यापर्यंत यायचा तो छातीपर्यंत येतो आणि मधल्या फळीचा खेळच संपतो. पंपाबरोबर दाबमापक ठेवा, अंगठ्याने दाबून अंदाज चारही सामन्यांत सारखा लागत नाही.

वेळापत्रक इथे सगळ्यात जास्त फसतं. लंडनला दिवे आहेत, उन्हाळ्याचा लांब दिवस आहे, म्हणून दुपारी लागोपाठ दोन सामने जमतात. नोव्हेंबरच्या मध्याला सांगलीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. ४५-४५ मिनिटं, १५ चं मध्यंतर आणि भरपाईची वेळ धरून एक सामना ११० मिनिटं खातो. दोन सामने आणि मध्ये अर्धा तास म्हणजे चार तास दहा मिनिटं. लागोपाठ घ्यायचे तर पहिली शिट्टी दीडला, भर उन्हात. त्यापेक्षा पाहुण्यांचा सामना सकाळी ८ ला, यजमानांचा दुपारी पावणेचारला, तो ५.३५ ला संपतो आणि बक्षीस समारंभालाही उजेड उरतो. सकाळच्या सामन्याला गर्दी कमी असते हे खरं, पण मैदानाला मधले सहा तास पाणी मारायला आणि रेघा दुरुस्त करायला मिळतात. समारंभात पाहुण्यांची भाषणं आधी आणि सामना नंतर ही पद्धत ठेवलीत तर हे सगळं गणित पाण्यात.

यजमान शेवटी खेळणं हे वर सांगितलेलं भोक आहे, पण ते बुजवता येणार नाही. आपला संघ आधी खेळला की आपलं पब्लिक उठून जातं. त्यामुळे वेळ यजमानांना द्या आणि प्रतिस्पर्धी निवडायचा हक्क काढून घ्या: कुणाची कुणाशी गाठ, हे चारही संघांच्या प्रतिनिधींसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवा.

गुणांच्या नियमात एकच दुरुस्ती सुचवतो: एका सामन्यात एका संघाचे जास्तीत जास्त तीन गोल गुणांसाठी धरा. २०१७ च्या निकालांना हे लावा. बेनफिकावरच्या पाच गोलांतले तीनच धरून आर्सेनलचे ६, अधिक सेव्हियाविरुद्धचा १, एकूण ७. सेव्हियाचे ९ जसेच्या तसे. कप योग्य दारात. २०१४ ला लावलं तर व्हॅलेन्सिया ९ वरच राहतो आणि आर्सेनल ६ वर, मोनॅकोच्या ७ च्याही खाली, विजेता तोच. २०१५ ला आर्सेनलने लियाँला ६-० आणि व्होल्फ्सबुर्गला १-० हरवून १३ गुण केले होते, ते १० होतात, पण दोन्ही सामने जिंकलेला संघ वरच. म्हणजे मर्यादेने थरार तसाच राहतो, फक्त एका दुबळ्या पाहुण्याला धुऊन कप पळवता येत नाही. आपल्याकडे हे जास्त गरजेचं आहे, कारण चौथा संघ बरेचदा ऐनवेळी जमवलेला असतो आणि त्याच्याशी पहिल्यांदा कोण खेळणार यावर स्पर्धा ठरू शकते.

गुण सारखे झाले तर आधी आपसातला सामना. तो झालाच नसेल तर कमी गोल खाल्लेला संघ वर. केलेले गोल पुन्हा मोजायचे नाहीत. तरीही सारखेच राहिले तर टायब्रेकर, आणि टायब्रेकरमधले गोल गुणांत धरायचे नाहीत हे कागदावर लिहून ठेवा. हा प्रश्न शेवटच्या क्षणी कुणीतरी विचारतोच. स्वयंगोलाचा, म्हणजे स्वतःच्याच जाळ्यात गेलेल्या गोलाचा, गुण समोरच्या संघाला. वॉकओव्हरला नेहमीचा ३-० देऊ नका, नाहीतर न खेळता ६ गुण मिळतात. विजयाचे ३ आणि एका गोलाचा १ पुरे.

खेळाडूंचा हिशेब कागदावर करा. बाहेरून येणारा संघ गाडीत मावतील तेवढेच, साधारण अठरा आणतो. त्यातले दोन गोलरक्षक वगळून सोळा. दोन सामन्यांत मैदानी खेळाडूंची मिनिटं लागतात दहा गुणिले १८०, म्हणजे १,८००. प्रत्येकाला १२० मिनिटांची कमाल मर्यादा घातली तरी सोळा जणांची १,९२० होतात, म्हणजे भागतं. अशी मर्यादा नसेल तर स्थानिक प्रशिक्षक भरवशाचे अकरा जण दोन्ही दिवस पूर्ण खेळवतो आणि हंगाम सुरू व्हायच्या आत दोघं-तिघं मांडीचा मागचा स्नायू धरून बसतात. बदली खेळाडू किती, हे सामन्याआधी दोन्ही कर्णधारांच्या सहीने पंचांकडे गेलं पाहिजे. पाचपेक्षा जास्त बदल असतील तर बाजूच्या रेषेवर चौथा अधिकारी हवाच. त्याच्याशिवाय दहा बदल म्हणजे बारावा खेळाडू मैदानात सापडण्याची हमी.

जर्सीचे फोटो आठ दिवस आधी मागवा. हंगामाआधी बहुतेक संघांकडे एकच जोड असतो, आणि आपल्या पट्ट्यात लाल-पिवळ्याची आवड इतकी की दोन लाल संघ समोर येणं काही नवलाचं नाही. जर्सीवर चढवायच्या वेगळ्या रंगाच्या वीस बिब्स जवळ ठेवल्या की काम भागतं.

निवेदकाला मात्र आधी बसवून नियम समजावून सांगा, आणि मैदानात दिसेल असा फळा लावा: संघ, निकालाचे गुण, गोलांचे गुण, एकूण. प्रत्येक गोलानंतर आकडा बदलला पाहिजे. निवेदक ‘सामना बरोबरीत, प्रत्येकी एक गुण’ असं बोलून मोकळा झाला आणि फळ्यावर दोघांना तीन-तीन दिसले, की खालून शिट्ट्या सुरू. फळा लिहायला शाळेतला एखादा चुणचुणीत पोरगा बसवा. तो मोठ्यांपेक्षा कमी चुकतो.

तिसरा पाहुणा आदल्या रात्री ‘जमत नाही’ म्हणून कळवेल, याचीही तयारी ठेवा. तेव्हा धावपळ करून गावातलाच चौथा संघ उभा करू नका. उरलेल्या तिघांचे तीन सामने घ्या: पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन. दुसऱ्या दिवशी सकाळ-दुपार दोन्ही सामने एकाच संघाच्या वाट्याला येणार नाहीत अशी पत्रिका तिघांत बसत नाही. म्हणून त्या दिवशीचे दोन्ही सामने ३०-३० मिनिटांचे करा, आणि दोन्ही खेळणारा संघ यजमानांचाच ठेवा.